मोटारीतील कॅमेऱ्याची वायर आणि छतातला पडदा



अकरावीच्या वर्गात संवेग आणि आवेग हे प्रकरण चालू होते. तास संपता संपता मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमच्या मामांनी नव्या गाडीत पुढे कॅमेरा बसवून घेतला. दुकानदाराने त्याची वायर काचेशेजारच्या खांबात खोचून खाली नेली. त्या खांबावर इंग्रजीत 'एअरबॅग' अशी अक्षरे कोरली आहेत. तिथून वायर नेली तर चालते का?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर "चालते" किंवा "चालत नाही" अशा एका शब्दात देता येईना. वायर त्या खांबातून नेता येते, पण कोणत्या बाजूने नेली यावर सारे अवलंबून असते. एका बाजूने नेली तर ती निरुपद्रवी असते. दोन-तीन सेंटिमीटर पलीकडून नेली तर जीव वाचवणाऱ्या यंत्रणेचीच ती वाट अडवते. असे का होते ते आपण पाहू. त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेच.

आमच्या पाचोऱ्याकडे असे कॅमेरे आता पुष्कळ दिसू लागले आहेत. जळगाव-पाचोरा-भडगाव-चाळीसगाव रस्त्यावर कपाशीच्या हंगामात रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या चालतात, वळणावर अचानक जनावरे आडवी येतात. अपघात झाला की चूक कोणाची यावरून वाद होतो. कॅमेऱ्याचे चित्रण असले की तो वाद मिटतो. म्हणून लोक कॅमेरा बसवून घेतात, आणि त्यात गैर काहीच नाही. हे काम दहा-पंधरा मिनिटांत उरकले जाते, आणि नेमकी त्या घाईतच चूक होते.

पडदा कोठे दडलेला असतो?

मोटारीची पुढची काच आणि पुढचे दार यांच्या मधला जो तिरपा खांब छताला आधार देतो त्याला कारागीर 'ए-पिलर' म्हणतात. दोन दारांमधला तो बी-पिलर आणि मागच्या दारापलीकडचा सी-पिलर. या खांबांचा पोलादी भाग आपल्याला दिसत नाही, कारण त्यावर प्लॅस्टिकचे आवरण बसवलेले असते.

ज्या मोटारीत सहा एअरबॅग असतात त्यांतल्या दोन पुढे असतात, एक सुकाणूचाकात आणि दुसरी शेजारच्या प्रवाशासमोर डॅशबोर्डमध्ये. दोन पुढच्या आसनांच्या कडेला शिवलेल्या असतात. उरलेल्या दोन म्हणजे लांबट पडदे. ते छताच्या दोन्ही कडांना, दारांच्या वर, घडी करून किंवा गुंडाळून ठेवलेले असतात. अशा पडद्याचे पुढचे टोक ए-पिलरच्या आवरणाखाली उतरते आणि तेथे ते एका पट्ट्याने घट्ट बांधलेले असते. म्हणूनच त्या आवरणावर ती अक्षरे कोरलेली असतात.

उन्हाळ्यात तुम्ही ओसरीवर लावलेले वाळ्याचे पडदे पाहिले असतील. दुपारी ते खाली सोडतात, संध्याकाळी गुंडाळून वर बांधतात. आता गुंडाळलेल्या पडद्याच्या मागून, म्हणजे भिंतीकडच्या बाजूने, एक दोरी गेली आहे अशी कल्पना करा. पडदा सोडला की तो सरळ खाली येईल, दोरीचा त्याला काहीच त्रास नाही. हीच दोरी पडद्याच्या खालून वळवून खोलीच्या बाजूने वर घेतली तर पडदा सोडूनही उलगडणार नाही, किंवा एका बाजूला तिरका लोंबकळेल. मामांच्या गाडीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या दोरीत आहे.

पिशवी कशासाठी?

समजा, मोटार ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात आहे, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. आत बसलेल्या माणसाचे वस्तुमान ६० किलोग्रॅम आहे. त्याचा संवेग ६० × १५ = ९०० किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. मोटार झाडावर आदळून थांबली तरी हा संवेग माणसाकडे शिल्लक असतोच. न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार तो त्याच वेगाने पुढे जात राहतो. कोणीतरी बल लावून तो संवेग शून्यावर आणला पाहिजे.

बल = संवेगातील बदल ÷ त्याला लागलेला वेळ.

माणूस पट्टा न लावता बसला असेल आणि कठीण सुकाणूवर आदळून एक शतांश सेकंदात थांबला, तर सरासरी बल ९०० ÷ ०.०१ = ९०,००० न्यूटन होते. म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे दीडशे पट. तोच माणूस पट्टा आणि हवेची पिशवी यांच्या साहाय्याने एक दशांश सेकंदात थांबला, तर बल ९,००० न्यूटनवर येते. तेही थोडे नाही, पण ते छाती आणि खांदा यांवर पसरते आणि माणूस सहसा वाचतो. पिशवी संवेग कमी करत नाही. ती थांबायला वेळ देते आणि बल मोठ्या क्षेत्रफळावर वाटते. क्रिकेटपटू झेल घेताना हात मागे ओढतो त्यातले तत्त्व हेच आहे.

या व्यवस्थेचे इंग्रजी नाव 'सप्लिमेंटल रिस्ट्रेंट सिस्टीम' असे आहे, आणि त्यातला पहिला शब्द महत्त्वाचा आहे. त्याचा अर्थ 'पूरक'. मुख्य काम पट्ट्याचे, पिशवी त्याला पूरक. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. मोटार महागडी होती, तीत एअरबॅगही होत्या. पट्ट्याची उणीव मात्र पिशवी भरून काढू शकत नाही.

अठरा सहस्रांश सेकंद

समोरून टक्कर झाली तर माणूस आणि सुकाणू यांच्यात थोडे अंतर असते, शिवाय बॉनेट चेपले जाण्यात काही वेळ जातो. बाजूने टक्कर झाली तर ही चैन नसते. दार आणि डोके यांच्यात वीत-दीड वीत जागा असते. ती २५ सेंटिमीटर धरू. बाजूने येणारी मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळली आणि दाराचा पत्रा साधारण त्याच वेगाने आत येऊ लागला असे समजा. हा वेग सेकंदाला १३.९ मीटर होतो.

लागणारा वेळ = ०.२५ ÷ १३.९ = ०.०१८ सेकंद.

म्हणजे १८ मिलिसेकंद. पापणी लवायला याच्या पाचपट तरी वेळ लागतो. या १८ मिलिसेकंदांतले पहिले चार-पाच टक्कर ओळखण्यात जातात. दारात किंवा बी-पिलरमध्ये बसवलेले संवेदक दाब किंवा त्वरण मोजतात, नियंत्रक पेटी त्यावरून निर्णय करते आणि विजेचा संकेत पाठवते. उरलेल्या सुमारे १३ मिलिसेकंदांत पडद्याने आवरण उचकटून बाहेर पडायचे, ४० सेंटिमीटर खाली यायचे आणि फुगायचे. त्याचा सरासरी वेग काढा: ०.४० ÷ ०.०१३ = सेकंदाला सुमारे ३१ मीटर, म्हणजे ताशी ११० किलोमीटर. पडदा स्थिर अवस्थेतून निघतो, म्हणजे त्याचा कमाल वेग याहून बराच जास्त असणार.

हे आकडे तुम्ही स्वतः पडताळून पाहा. काही गृहीतके बदललीत तर उत्तरही थोडे बदलेल, पण या कामाला मिळणारा वेळ सहस्रांश सेकंदांतच मोजावा लागतो हा निष्कर्ष बदलणार नाही.

एवढा वायू येतो कोठून?

हवेच्या पिशवीची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील जॉन हेट्रिक या अभियंत्याला १९५३ मध्ये तिचे पेटंट मिळाले. जर्मनीत वाल्टर लिंडरर यांनीही त्याच सुमारास अशीच कल्पना मांडली होती. दोघांचा भर दाबून भरलेल्या हवेवर होता, आणि ती हवा पुरेशा झपाट्याने पिशवीत भरत नसे. पुढे घन रसायन पेटवून वायू निर्माण करण्याची युक्ती सापडली तेव्हा पिशवी व्यवहारात आली.

सुरुवातीला सोडियम अझाइड हे रसायन वापरत. ते तापले की त्याचे विघटन होऊन सोडियम आणि नायट्रोजन मिळतात. १३० ग्रॅम, म्हणजे दोन मोल, सोडियम अझाइडपासून तीन मोल नायट्रोजन मिळतो. नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला त्याचे आकारमान ७३ लिटरच्या आसपास भरते. चालकापुढची पिशवी फुगायला एवढा वायू पुरून उरतो. हे रसायन विषारी असल्याने आता त्याची जागा इतर नायट्रोजनयुक्त संयुगांनी घेतली आहे. छतातल्या पडद्यांसाठी बऱ्याचदा पोलादी नळीत उच्च दाबाखाली भरलेला अरगॉन किंवा हेलियम वापरतात. पुढच्या पिशव्यांना छिद्रे असतात आणि त्या लगेच रिकाम्या होतात. मोटार कोलांटली तर तेवढा वेळ डोके सांभाळता यावे म्हणून पडदा मात्र काही सेकंद फुगलेला ठेवतात.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासमोरची पिशवी सक्तीची झाली आणि २०२१ च्या अखेरीपर्यंत शेजारच्या प्रवाशासाठीही. सहा पिशव्यांची सक्ती करण्याचा प्रस्ताव २०२२ मध्ये आला, पण तो अंमलात आला नाही. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही मोटारींना सुरक्षेसाठी तारे देणारी योजना सुरू झाली. तीत समोरून ताशी ६४ किलोमीटर आणि बाजूने ताशी ५० किलोमीटर वेगाच्या टकरींची चाचणी असते. त्यामुळे पूर्वी महागड्या गाड्यांतच आढळणारे पडदे आता मामांच्या लहान गाडीतही आले. कॅमेरा बसवणाऱ्या कारागिराचा हात मात्र जुन्या, पडदा नसलेल्या गाड्यांवर बसलेला असतो. हे लक्षात घेतले तर चूक त्याच्या अडाणीपणाची नसून बदललेल्या गाडीची आहे हे पटेल.

वायर आड आली तर

आता वायर पडद्याच्या खोलीकडच्या बाजूने, म्हणजे प्रवाशाकडच्या बाजूने गेली आहे असे समजू. तीन गोष्टी घडू शकतात.

पहिली, पडदा अडखळतो. मोबाईलच्या चार्जरसारखी वायर हाताने ओढून सहजासहजी तुटत नाही. ती पडद्यावरून आडवी गेली असेल तर पडद्याचा तेवढा भाग उशिरा सुटतो. केवळ ५ मिलिसेकंदांचा उशीर झाला असे धरा. तेवढ्या वेळात आत येणारे दार १३.९ × ०.००५ = ०.०७ मीटर, म्हणजे ७ सेंटिमीटर पुढे सरकते. एकूण जागाच २५ सेंटिमीटर होती हे विसरू नका.

दुसरी, पडदा वाकडा उघडतो. वायू कमी विरोधाच्या बाजूला धावतो. एका ठिकाणी अडलेला पडदा दुसऱ्या ठिकाणी जास्त फुगतो, आणि डोक्यापुढे जिथे उशी हवी तिथे ती नसते.

तिसरी, वायर आणि तिला जोडलेल्या वस्तू फेकल्या जातात. प्लॅस्टिकच्या चिमट्या, जोडणीचा ठोकळा, आवरणाचा तुकडा, यांतले काहीही चेहऱ्यावर येऊ शकते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून हलकी वस्तूही घातक ठरते.

हा तिसरा धोका डॅशबोर्डवर अधिक असतो. प्रवाशासमोरची पिशवी डॅशबोर्डच्या झाकणातून वर उसळते आणि काचेला घासत प्रवाशाकडे येते. त्या झाकणावर १०० ग्रॅमचा कॅमेरा चिकटवला असेल आणि पिशवीने त्याला सेकंदाला ५० मीटर वेग दिला, तर त्याची गतिज ऊर्जा ½ × ०.१ × ५० × ५० = १२५ ज्यूल होते. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूचीही ऊर्जा जवळपास एवढीच असते. तसा चेंडू एक हात अंतरावरून तोंडावर आला तर काय होईल? म्हणून कॅमेरा, मोबाईलचा स्टँड, अत्तराची बाटली यांपैकी काहीही त्या झाकणावर ठेवू नये. देवाची मूर्तीही झाकणापासून दूर, मधल्या भागात किंवा चालकासमोरच्या मोजपट्टीजवळ, लहान आणि हलकी अशीच असावी.

पिशवीचा जोर किती असतो याची एक दुःखद नोंद आपल्याच राज्यात आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशी येथे झालेल्या अपघातात पुढच्या आसनावर बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यानंतर दगावला. ही पिशवी प्रौढ माणसाची उंची आणि बसण्याची जागा धरून आखलेली असते. लहान मुलांची जागा मागच्या आसनावर, त्यांच्या मापाच्या पट्ट्यात किंवा बालआसनातच आहे. तुमच्या धाकट्या भावंडांना पुढे बसण्याचा हट्ट करू देऊ नका.

मग वायर न्यावी कोठून?

कॅमेरा साधारणपणे आरशामागे काचेला चिकटवतात. तेथून वायर काचेच्या वरच्या कडेपर्यंत आणि मग छताच्या अस्तराच्या कडेखालून खांबापर्यंत न्यायला हरकत नसते, कारण पुढच्या काचेच्या वर पडदा नसतो. खरा प्रश्न खांबापाशी सुरू होतो. तेथे तीन मार्ग संभवतात.

पहिला मार्ग म्हणजे खांबाकडे जायचेच नाही. अनेक गाड्यांत आरशापाशी किंवा छतातल्या दिव्यापाशी वीज आलेली असते. योग्य जोडणी आणि १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा लहान परिवर्तक वापरून कॅमेऱ्याला तेथूनच वीज देता येते. वायर हातभर लांबीचीच लागते. जेथे हे शक्य आहे तेथे हाच मार्ग उत्तम.

दुसरा मार्ग म्हणजे खांबाचे आवरण रीतसर काढून वायर पडद्याच्या मागून नेणे. 'मागून' म्हणजे पडदा आणि पोलादी खांब यांच्या मधून, काचेकडच्या बाजूने. तेथे कंपनीने नेलेला वायरींचा जुडगा बहुधा असतोच. नवी वायर त्याला दर वीतभर अंतरावर बांधायची, म्हणजे ती घसरून पुढे येणार नाही. वायरीचा कोणताही भाग, गाठ किंवा जास्तीचा वेटोळा पडद्यावर किंवा त्याच्या पुढे येता कामा नये. उरलेली वायर खाली डॅशबोर्डच्या आत गुंडाळायची, खांबात नाही. तेथेही ती सुकाणूचा दांडा आणि पायाखालच्या पेडलांपासून दूर बांधायची.

या कामात एक बारकावा आहे. पडदा उघडताना आवरण उडून प्रवाशाला लागू नये म्हणून ते एका खास चिमटीने खांबाला जखडलेले असते. अनेक गाड्यांत ही चिमटी एकदाच वापरायची असते. आवरण काढले की नवी चिमटी बसवावी लागते. जुनी मोडकी चिमटी डिंकाने चिकटवून आवरण दाबून बसवले तर बाहेरून सर्व ठीक दिसते, पण आवरण जखडलेले नसते. म्हणून हे काम त्या गाडीची माहितीपुस्तिका हाताशी असलेल्या प्रशिक्षित कारागिरानेच करावे.

तिसरा म्हणजे सर्रास वापरला जाणारा मार्ग: आवरण न काढता वायर बोटाने किंवा स्क्रूड्रायव्हरने फटीत खोचत जाणे. आत ती पडद्याच्या कोणत्या बाजूला गेली हे खोचणाऱ्याला दिसत नाही. दाराकडच्या फटीतून खोचलेली वायर तर बऱ्याचदा नेमकी पडदा बाहेर येण्याच्या वाटेवरच बसते. शिवाय स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पडद्याचे कापड फाटण्याची भीती असते. हा मार्ग टाळावा.

मागच्या काचेलाही कॅमेरा असेल तर अधिक काळजी हवी, कारण छताच्या कडेने वायर नेली तर ती पडद्याच्या संपूर्ण लांबीला समांतर जाते. त्यापेक्षा दारांच्या उंबरठ्याच्या पट्टीखालून, जमिनीलगत वायर नेणे बरे. मात्र आसनाच्या कडेवरून ती नेऊ नये, तेथे आसनातली पिशवी असते.

पिवळ्या वायरींना हात नको

एअरबॅगच्या वायरी आणि त्यांचे जोड बहुतेक गाड्यांत पिवळ्या रंगाचे असतात. त्यांतून वीज घेऊ नये, त्या कापू नयेत, त्यांना तपासणीचा दिवाही लावू नये. याचे कारण गणिताने पाहू. वायू निर्माण करणाऱ्या नळकांड्यात एक अतिशय बारीक तार असते. तिचा रोध सुमारे २ ओहम असतो. सुमारे सव्वा ॲंपिअर विद्युतधारा दोन-तीन मिलिसेकंद वाहिली की ती तापून रसायन पेटवते.

आपल्याकडे मोटारीची वीज तपासायला कारागीर पुष्कळदा इंडिकेटरचा २१ वॅटचा दिवा वापरतात. १२ व्होल्टला या दिव्यातून १.७५ ॲंपिअर धारा वाहते, म्हणजे त्याचा रोध सुमारे ७ ओहम. तो २ ओहमच्या तारेशी एकसरीत जोडला गेला तर एकूण रोध ९ ओहम आणि धारा १२ ÷ ९ = १.३ ॲंपिअर. दिवा थंड असताना त्याचा रोध याहूनही कमी असतो, म्हणजे पहिल्या क्षणी धारा आणखी जास्त. चुकून एक टोक पिवळ्या जोडाला लागले तर पिशवी तोंडावर फुटायला एवढे पुरे आहे.

खांबाचे आवरण काढण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवतात आणि काही मिनिटे थांबतात. थांबायचे कशासाठी? टकरीत बॅटरीच तुटली तरी पिशवी उघडावी म्हणून नियंत्रक पेटीत धारित्रांमध्ये विद्युतप्रभार साठवलेला असतो. तो ओसरायला वेळ लागतो. किती वेळ, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तेवढे थांबावेच.

काम झाल्यावर गाडीची किल्ली फिरवा. एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. नियंत्रक पेटी त्या वेळात प्रत्येक तारेचा रोध मोजून घेत असते. दिवा तसाच राहिला तर कोठेतरी बिघाड आहे असे समजावे. पण उलट अर्थ काढू नका. दिवा विझला म्हणजे विद्युतमंडल ठीक आहे एवढेच कळते. पडद्यासमोर आडवी गेलेली वायर त्या पेटीला दिसत नाही.

वीज घेण्याविषयी दोन शब्द. कॅमेऱ्याला साधारण ५ वॅट शक्ती लागते, म्हणजे १२ व्होल्टला अर्ध्या ॲंपिअरहून कमी धारा. फ्यूज २ ॲंपिअरचा पुरतो, आणि तो वीज घेतो त्या टोकाशीच हवा, कारण फ्यूज त्याच्या पुढच्या वायरीचे रक्षण करतो, मागच्या नाही. एअरबॅगच्या फ्यूजमधून वीज कधीही घेऊ नये. गाडी उभी असतानाही कॅमेरा चालू ठेवायचा असेल तर हिशेब करा. ०.३ ॲंपिअर धारेने तीन दिवसांत ०.३ × ७२ = २१.६ ॲंपिअर-तास खर्च होतात. लहान मोटारीची बॅटरी ३५ ॲंपिअर-तासांची असते. पाचोरा स्टेशनजवळ गाडी लावून तीन दिवस मुंबईला गेलात, तर परतल्यावर गाडी ढकलावी लागेल. बॅटरीचा दाब ठराविक मर्यादेखाली गेला की कॅमेरा आपोआप बंद करणारी जोडणी मिळते, ती घ्यावी.

खानदेशचे ऊन

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. बंद मोटारीतली हवा बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी सहज जास्त तापते आणि उन्हातला डॅशबोर्ड तर हात लावू देत नाही. अशा उष्णतेत साध्या काळ्या चिकटपट्टीचा डिंक पातळ होतो. जानेवारीत नीट चिकटवलेली वायर मे महिन्यात सुटून लोंबू लागते आणि पडद्याच्या वाटेत येते. म्हणून पट्टीऐवजी बांधणीच्या पट्ट्या किंवा मोटारीच्या वायरींसाठीची कापडी पट्टी वापरावी. कॅमेराही लिथियम बॅटरीऐवजी धारित्र असलेला घ्यावा, कारण उष्णतेत लिथियम बॅटरी फुगते.

उष्णतेचे परिणाम पिशवीच्या कारखानदारांनाही भोवले आहेत. टकाटा या जपानी कंपनीच्या काही पिशव्यांत अमोनियम नायट्रेट वापरले होते. वर्षानुवर्षे उष्णता आणि दमटपणा सोसून ते बिघडले. त्यामुळे पिशवी उघडताना धातूचे नळकांडेच फुटून तुकडे उडू लागले. जगभरात सुमारे दहा कोटी नळकांडी परत मागवावी लागली. तुमच्या घरी जुनी मोटार असेल तर तिच्यासाठी अशी सूचना निघाली होती का, याची चौकशी अवश्य करा.

करून पाहा

एक लांबट, पातळ प्लॅस्टिकची पिशवी घ्या. तिच्या तोंडात सायकलच्या पंपाची नळी घालून दोऱ्याने घट्ट बांधा. पिशवीची कागदी पंख्यासारखी लांबट घडी घाला आणि ती पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला चिकटवा. घडीवर जाड कागदाची पट्टी ठेवून तिची फक्त वरची कड चिकटवा. हे झाले मोटारीचे आवरण. आता पुठ्ठा उभा धरा.

पहिल्या खेपेस एक दोरा घडीच्या मागून, पुठ्ठ्यालगत ताणून बांधा आणि पंप मारा. दुसऱ्या खेपेस तोच दोरा घडीच्या पुढून, मध्यावर आडवा बांधा आणि पुन्हा पंप मारा. दोन्ही वेळा पिशवी कशी उघडली, कोठे फुगली, पट्टी कशी उचलली गेली ते वहीत काढा. दोऱ्याची जागा बदलून पाहा. मोबाईलवर सावकाश गतीचे चित्रण करता आले तर फारच छान. खऱ्या एअरबॅगला किंवा तिच्या वायरीला मात्र प्रयोगासाठीही हात लावायचा नाही.

शिक्षकांनी हा प्रयोग संवेगाच्या प्रकरणाबरोबर घ्यावा. वर्गातल्या कोणाच्या घरच्या मोटारीची पुस्तिका आणवून पिशव्या कोठे कोठे आहेत ते फळ्यावर काढून घ्यावे.

मामांच्या गाडीचे काय झाले?

पुढच्या रविवारी ते गाडी घेऊन आले. खांबाचे आवरण आम्ही उघडले नाही. गाडी कंपनीच्या सेवाकेंद्रात नेली. कारागिराने बॅटरी सोडवून, थांबून, आवरण काढले आणि दाखवले: वायर वरून पडद्याच्या मागे गेली होती, पण मध्येच वळून हातभर लांबी पडद्यावरून खाली आली होती. त्याने ती काढली, जुडग्याला बांधत मागून नेली, नवी चिमटी बसवली. तासाभराचे काम झाले. मामा म्हणाले, "एवढ्याशा वायरीने काय होणार होते?" त्यावर त्यांच्या भाच्याने वहीच्या मागच्या पानावर अठरा मिलिसेकंदांचे गणित मांडून त्यांच्यासमोर धरले.

तुमच्या घरच्या गाडीत कॅमेरा असेल तर आज घरी गेल्यावर खांबावरची अक्षरे वाचा, वायर कोठून जाते ते पाहा, आणि शंका आली तर वडीलधाऱ्यांना सांगा.